पोट पुण्याला ठेवून आलो

धाराशिवात लठ्ठ माणसाला खासगी आयुष्य नसतं. त्याच्या पोटावर बोलायला ओळखपाळख लागत नाही. मी मार्केट यार्डात एका अडत दुकानावर मुनीम आहे. सोयाबीनच्या दिवसांत यार्डात पाय ठेवायला जागा नसते, पण आलेला शेतकरी भाव विचारायच्या आधी मला वरपासून खालपर्यंत बघून घेतो. "मालक बारीक आन् मुनीम जाड," एकजण म्हणाला होता, "म्हंजी आमच्या पट्टीतली कपात कुठं जाती ते कळलं." रांगेतले सगळे हसले. मीही हसलो. लठ्ठ माणसानं आपल्यावरच्या विनोदाला सगळ्यांच्या आधी हसायचं असतं. उशीर झाला तर ‘मुनीमला लागलं वाटतं’ म्हणतात आणि समजूत काढायला भजी मागवतात.

सल्ले तर फुकटच. जवसापासून कारल्याच्या रसापर्यंत सगळं सुचवून झालं. ज्यांचं स्वतःचं पोट त्यांच्या पुढं वीतभर चालतं अशा एका गृहस्थांनी मला शवासन सुचवलं, का तर मला तेवढंच जमेल. तुळजापूरला चालत जा, असं सांगणारे बरेच होते. त्यांतले बहुतेक हे वाक्य मोटारसायकलवर बसून, गाडी चालू ठेवून बोलत.

मग 2018 च्या सुमाराला महाराष्ट्राचे दोन तट पडले. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढं नेत लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितलं, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत उरका. ऋजुता दिवेकरांचं म्हणणं, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. लग्नाच्या पंगतीत लोक या विषयावर हमरीतुमरीवर यायचे. आमच्या घरात बायको दीक्षितांच्या बाजूची. आईनं दोघांचंही नाव ऐकलेलं नव्हतं, पण लेकरानं दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकावं हा तिचा सिद्धांत दिवेकरबाईंच्या जन्माआधीचा. दोघींपैकी कुणालाच दुखवायचं नाही म्हणून मी बायकोसमोर दोनदा जेवायचो आणि मधल्या वेळात आईच्या खोलीत बसायचो. 55 मिनिटांचा नियम मात्र मी कसोशीनं पाळला. इतक्या वेळात किती खाता येतं याचा अंदाज दीक्षितांनी धाराशिवकडं बघून केला नसावा.

या सगळ्यात माझे मामा वेगळे. नळदुर्गच्या बाजूला त्यांची शेती. हातपाय काटकुळे, गालफडं बसलेली, फक्त सदऱ्याच्या मधल्या दोन गुंड्यांपाशी थोडा तणाव. मला बघितलं की त्यांचं एकच वाक्य: "भाचे, आमच्या खानदानीत असं कुणी नव्हतं." याच मामांची साखर गेली पंधरा वर्षं माझ्यापेक्षा जास्त होती. पण बारीक माणसाला धाराशिवात कुणी आजारी समजत नाही, त्याला चपळ म्हणतात.

मामांचं कोडं माझ्यापुरतं सुटलं ते एका फोटोमुळं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन शास्त्रज्ञांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात बसवलेलं वजन, सारखाच: 22.3. बघणाऱ्याला दोघंही सडपातळ. पण यंत्रानं अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिकांची 21.2. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांवरही याज्ञिकांनी वर्षानुवर्षं काम केलंय. तिथलं बाळ जन्मताना सरासरी 2.7 किलोचं, इंग्लंडातल्या साउदम्प्टनचं 3.5 किलोचं. आपलं बाळ हाडानं, मांसानं, सगळ्या बाबतीत लहान, फक्त चरबीत फारसं मागं नाही. आईच्या पोटात असल्यापासून आपण पुढच्या दुष्काळाची बेगमी करायला लागतो असं दिसतं. म्हणून जगात 30 बीएमआयला लठ्ठ म्हणतात तिथं आपल्याकडं 25 लाच म्हणतात. मी हा फोटो मामांना दाखवला. त्यांनी दोघांकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, "यातला आपला माणूस कोणता? ह्यो? चांगलाय की तब्येतीनं."

बीएमआयचं सूत्र बेल्जियमच्या केटले नावाच्या गणितज्ञाचं, एकोणिसाव्या शतकातलं. त्याला बीएमआय हे नाव दिलं अमेरिकेच्या ॲन्सेल कीज यांनी, 1972 साली. त्याच साली इकडं मराठवाड्यात पाऊस पळाला. अमेरिकेत लठ्ठपणा मोजायच्या मापाचं बारसं चाललेलं तेव्हा माझी आई, बारा-तेरा वर्षांची पोर, तिच्या आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मजुरीबरोबर सुकडी मिळायची. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो, त्याची भाकरी थापता यायची नाही, कडेनं फुटायची. आई हे सांगताना रडत वगैरे नाही. हातानं फुटक्या भाकरीची कड दाखवते, एवढंच. अशा बाईला तुम्ही सांगायचं की तुमच्या मुलाचं वजन जास्त आहे? मी तिसरीत असताना शाळेत वजनं झाली आणि वर्गात माझा पहिला नंबर आला, तेव्हा तिनं गल्लीत साखर वाटली होती.

तर असं करत करत मी चव्वेचाळीसाव्या वर्षी 142 किलोवर पोचलो. हा आकडा दवाखान्यातल्या काट्यावर कळला नाही, तो काटा 120 च्या पुढं गप्प बसायचा. कळला यार्डात. दुपारी सामसूम असताना आमच्या हमालांच्या मुकादमानं मला पोत्याच्या काट्यावर उभं केलं, आकडा वाचला आणि सवयीनं विचारलं, "बारदान धरून का वगळून?" मी चपला काढल्या. दोनशे ग्रॅमचा फरक पडला.

रात्री घोरताना श्वास अडकायचा. बायको जागी राहून मोजत बसायची. साखर होती, रक्तदाब होता, गुडघे होते. शेवटी पुण्याच्या एका सर्जनपुढं जाऊन बसलो. माझा बीएमआय 50. भारतातल्या शल्यचिकित्सकांचा बरीच वर्षं चालत आलेला ठोकताळा असा की 37.5 च्या वर गेला, किंवा 32.5 च्या वर आणि जोडीला मधुमेहासारखं दुखणं असलं, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. मी दोन्ही दारांनी आत आलो होतो.

घरी सांगितल्यावर आईनं विचारलं, "पोट कापून वजन कमी करणारा दुसरा कोण येडा हाय?" नितीन गडकरींनी 2011 मध्ये, पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, मुंबईत करून घेतलंय असं सांगितलं. आईचा विरोध जरा मवाळ झाला. रस्ते करणारा माणूस विचार केल्याशिवाय काही करणार नाही असं तिचं मत. शिवाय 2017 मध्ये मुंबईच्या निवडणुकीच्या वेळी मध्य प्रदेशातल्या एका पोलीस निरीक्षकाचा फोटो टाकून एका नामवंत लेखिकेनं बंदोबस्त ‘भारी’ असल्याची चेष्टा केली होती, तेही तिच्या लक्षात होतं. तो 180 किलोचा भला माणूस मुंबईला आला आणि त्यानंही असंच ऑपरेशन करून घेतलं. "बघ," आई म्हणाली, "लोकं हसल्याबिगर माणूस दवाखान्यात जात नाही."

विम्याचा कागद वाचायला मुनीमच पाहिजे. बीएमआय 40 च्या वर, किंवा 35 च्या वर आणि सोबत गंभीर दुखणं. आणि साधे उपाय करून ते फसलेले असले पाहिजेत. जन्मभर मला जो उठला तो म्हणाला, तू मनावर घेत नाहीस. आता मी खरोखर मनावर घेतलं होतं आणि तरी नापास झालो, हे कागदावर सिद्ध करायची पाळी आली. जिमच्या पावत्या, आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या, कारल्याच्या रसाची बिलं, सगळं तारीखवार लावून दिलं. इतकं चोख नापास होणारा माणूस त्यांनी पाहिला नसेल.

ऑपरेशनआधी दोन आठवडे नुसतं पातळ. यकृतावरची चरबी उतरावी, दुर्बिणीला वाट मिळावी म्हणून. त्या दोन आठवड्यांत चार किलो गेले आणि हॉस्पिटलच्या कागदावर 138 चा आकडा पडला. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं त्याच्यावरून भांडणं झाली.

माझ्यावर झाली ती स्लीव्ह शस्त्रक्रिया. पोटावर चार-पाच बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीतून जठराचा जवळजवळ 80 टक्के भाग स्टेपलरनं कापून बाहेर काढतात, मागं केळ्याएवढी नळी ठेवतात. गंमत म्हणजे ही मुळात अर्धी शस्त्रक्रिया. फार जाड रोग्यांना मोठं ऑपरेशन एका दमात झेपत नाही म्हणून आधी जठर छोटं करायचं आणि आतड्याचं काम पुढच्या खेपेला, असा बेत असायचा. पण पहिल्या टप्प्यानंतरच पुष्कळांची वजनं इतकी उतरली की दुसऱ्या टप्प्याची गरज उरली नाही. अर्धवट सोडलेलं काम पुरेसं ठरलं, हे आमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या ठेकेदाराला कळता कामा नये.

त्याच संध्याकाळी मला उठवून चालवलं. हातात एक प्लास्टिकचं खेळणं दिलं. त्यात तीन रंगीत गोळ्या. श्वास ओढून त्या वर न्यायच्या, म्हणजे फुप्फुसं मोकळी राहतात. आई शेजारी बसून एक गोळी वर गेली की टाळी वाजवायची. ऑपरेशन चालू असताना दाराबाहेर बसून तिनं तुळजाभवानीला नवस बोलला होता: लेकरू धडपणी घरी येऊ दे, त्याच्या वजनाचा गूळ वाटीन. किती वजनाचा, ते तिनंही सांगितलं नाही आणि देवीनंही विचारलं नाही.

घरी आल्यावर पहिले काही दिवस पाणी आणि वरणाचं वरचं पाणी. मग पातळ, मग मऊ, मग हळूहळू जेवण. पण ताट समोर आलं तरी भूकच नव्हती. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होतं, तोच भाग पुण्यात राहिला. चव्वेचाळीस वर्षांत ज्या आवाजाशिवाय माझा दिवस गेला नाही तो आवाज बंद. मी काही दिवस अस्वस्थ होतो. दुपारचे चार वाजले की आपण काय करायचं हेच सुचेना. मग कळलं की जगातले इतर लोक चार वाजता काम करतात.

नियम साधे आणि छळणारे. आधी प्रथिनं, दिवसाला किमान साठ ग्रॅम. घास पंचवीस-तीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. बी-12, लोह, कॅल्शियम जन्मभर. आमच्या जिल्ह्याच्या नावाची उस्मानाबादी शेळी देशभर नावाजलेली; शहराचं नाव 2023 मध्ये धाराशिव झालं तरी शेळी अजून जुन्याच नावावर आहे. तिच्या मटणाचे दोन तुकडे झाले की माझं जेवण संपतं. तिसरा तुकडा तोंडात गेला की उचकी. माझ्या पोटानं निवडलेली भरल्याची घंटा ही. पहिल्यांदा लागली तेव्हा आईनं विचारलं, "कोण आठवण काढायलंय रे?" मी म्हणालो, "पुण्यातलं पोट."

पाच-सहा महिन्यांत चाळीस किलो उतरले आणि माझी बदनामी सुरू झाली. ऑपरेशनची गोष्ट आम्ही बाहेर बोललो नव्हतो. शर्ट खांद्यावरून लोंबायला लागले, केस गळाले, गाल उतरले. मग ज्यांनी वीस वर्षं ‘मुनीम, कमी करा’ म्हणून माझं डोकं खाल्लं तेच हळू आवाजात मालकांना विचारायला लागले, "काय मोठं निघालंय का?" बायकोला बायका नारळपाणी आणून देत. ज्यांच्याकडून मी हातउसने घेतले होते ते एका आठवड्यात एकामागून एक भेटून गेले. चहा घेतला, तब्येतीची चौकशी केली, आणि उठता उठता सहज आठवल्यासारखं केलं. ज्यांच्याकडं माझे पैसे होते त्यांतलं मात्र कुणी फिरकलं नाही.

खरी परीक्षा येळवसेला. बाहेरच्यांसाठी सांगतो: मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या आणि लातूरच्या मुलखात गावं ओस पडतात, सगळे रानात. कडब्याची कोप घालतात, आत पाच पांडव मांडून पूजा, आणि मग जेवण. भज्जी, म्हणजे ओला हरभरा, तुरीचे दाणे, भुईमूग, पालेभाज्या, सगळं बेसन-ताकात रटरट शिजवलेलं. बाजरीचे उंडे. तिळाची पोळी, गव्हाची खीर. आणि मडक्यातली आंबील, जिला तांब्या हेच माप. ज्याचं रान नाही त्याला रानवाले बोलावतात, आणि मला तर सगळेच बोलवायचे. एका रानातून दुसऱ्या रानात जाताना लोक माझी वाट बघत उभे असायचे. माझं जेवण बघण्यात त्यांना शेताची शोभा वाटायची.

त्या वर्षी मामांच्या रानात गेलो. मामींनी नेहमीच्या हिशेबानं परात भरली. मी दोन चमचे भज्जी घेतली, अर्धा उंडा कुस्करला आणि चावत बसलो. भज्जीतला प्रत्येक दाणा वेगळा ओळखता येत होता. हा तुरीचा, हा वालाचा, हा मेथीचा देठ. चव्वेचाळीस वर्षं मी भज्जी गिळत होतो, खाल्ली नव्हतीच. हे मी मामींना सांगणार तेवढ्यात त्यांचा चेहरा पडलेला दिसला.

"काय चुकलं का आमचं?"

"नाही मामी, झालं माझं."

"झालं? सुरू कवा केलंत?"

मामा पुढं सरकले. "भाचे, आंबील तरी घ्या."

"जेवताना पातळ चालत नाही मामा. अर्ध्या तासानं."

कोपेत शांतता झाली. मग मामांनी ते वाक्य उच्चारलं जे माझ्या डॉक्टरनं भिंतीवर लावायला हवं. "आमच्या खानदानीत," ते म्हणाले, "असं पाखरावाणी खाणारं कुणी नव्हतं."

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की सर्जननं फक्त माझंच पोट छोटं केलंय. गावाचं तेवढंच आहे. मी ज्याला माझी भूक समजत होतो तिच्यात मामींचा, आईचा, यार्डातल्या भजीवाल्याचा मोठा वाटा होता, आणि तो भाग कुठल्याही स्टेपलरनं कापला जात नाही. शेवटी मी घड्याळ लावून अर्धा तास बसलो आणि सगळ्यांसमोर आंबील घोट घोट घेतली. वाटीभर आंबिलीला वीस मिनिटं लागली. सात-आठ माणसं बघत होती. मामी पदरानं डोळे पुसत होत्या, आनंदानं की दुःखानं ते मी विचारलं नाही.

तुळजापूरचं देऊळ खोलगट जागी आहे, महाद्वारातून पायऱ्या उतरून जावं लागतं. पूर्वी दर्शनाला जाताना मी भक्त असायचो आणि येताना रुग्ण. वर चढताना दर टप्प्यावर थांबायचो आणि लोकांना वाटावं म्हणून कळसाकडं बघत हात जोडायचो. या वेळी आईचा हात धरून चढलो आणि ती म्हणाली, "हळू चल की जरा." आयुष्यात मला हे पहिल्यांदा कुणी म्हणालं.

वर्षानं वजन 84 झालं आणि आईनं नवसाचं काढलं. घरात बैठक बसली. मामांचं म्हणणं, आजच्या वजनाचा गूळ द्यायचा. देणं लागतं ते देणाऱ्याच्या सध्याच्या वजनावर. थोडं थांबलात तर अजून दोन-चार किलो वाचतील, असंही त्यांनी सुचवलं. बायकोचं मत, 138. लेखी पुरावा तेवढाच. आमच्या मालकांना विचारलं तर तेही म्हणाले, सौदा ज्या दिवशी ठरला त्या दिवशीचा काटा धरायचा, म्हणजे 138 च. मग मामांनी नवाच मुद्दा काढला. देवीनं घेतलं किती? 142 मधून 84 गेले, राहिले 58. जेवढं तिनं उतरवलं तेवढंच तिचं. उरलेले 84 भाच्याचे स्वतःचे, त्याच्यावर गूळ कशाचा? या युक्तिवादावर मालकसुद्धा विचारात पडले. असा माणूस आपल्या दुकानावर का नाही, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. "142," ती म्हणाली. "त्यातला एकेक किलो मी घातलाय. मला म्हाईत हाय किती हुता."

यार्डातल्या त्याच काट्यावर गूळ मोजला. दहा किलोच्या चौदा ढेपी आणि वर दोन किलोचा तुकडा. मुकादमानं आकडा वाचला, माझ्याकडं बघितलं, ढेपींकडं बघितलं. त्या ढिगाला चारी बाजूंनी फिरून तो म्हणाला, "एवढं घेऊन तुमी रोज जिना चढत हुता?" हमालांनी हमाली घेतली नाही, गूळच घेतला. अर्धं यार्ड, आमची गल्ली, बायकोचं माहेर, सगळीकडं गेला. आईनं माझ्या तोंडात खडा ठेवला. गोड जास्त झालं की मला घाम फुटतो, मळमळतं, म्हणून मी तो जिभेवर फिरवत बसलो.

शेवटी तो दोन किलोचा तुकडा राहिला. मामांनी हात पुढं केला. "प्रसादाला नाही म्हणू नये."

"तीनशेच्या वर साखर हाय तुमची," मामी म्हणाल्या.

"ह्यो गूळ हाय," मामा म्हणाले. "साखर कुठं हाय?"

मामींनी त्यांच्या हातातून तुकडा काढला, आपल्या पिशवीत तळाशी घातला, वर औषधांची पुडकी ठेवली आणि पिशवी खांद्याला लावून नळदुर्गच्या बसची वेळ विचारली.